रेनो कांगसने घेतलेली परीक्षा

रेनो कांगसने उभ्या आयुष्यात गाडी कधी गॅरेजला नेली नव्हती, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, कुणी विचारो न विचारो. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर इतकं मीठ टाकतात की दहा वर्षांत गाडीचा तळ गंजून चाळणी होतो. रेनोची गाडी मात्र सोळा वर्षं धावत होती. गंजलेला बोल्ट तापवून सोडवायचा, तुटलाच तर भोक पाडून काढायचा, हे सगळं त्याने खाणीतली नोकरी सांभाळून घरामागच्या शेडमध्ये केलं. बोल्ट किती आवळला ते आकड्यात दाखवणारा पाना मुलीने एका नाताळात भेट दिला होता. तो खोक्यातून बाहेर निघालाच नाही. माझं मनगट काय झोपा काढतंय का, असं रेनो म्हणायचा.

एकाहत्तराव्या वर्षी त्याच्या बोटांतली जाणीव जायला लागली. शर्टाचं बटण लागलंय की नाही हे बघावं लागायचं, हाताला कळायचं नाही. कानांचं तर खाणीतच वाटोळं झालं होतं. डॉक्टरांनी गाडीखाली शिरायला साफ मनाई केली. तरी ऑक्टोबरात 'हे शेवटचं' म्हणत त्याने पुढचे ब्रेक पॅड बदलले आणि मगच मेकॅनिक शोधायला निघाला. घाई होती ती बायकोमुळे. एली दर गुरुवारी हीच गाडी घेऊन साठ मैलांवरच्या वृद्धाश्रमात बहिणीला भेटायला एकटी जायची, सरोवराकाठच्या वळणावळणाच्या रस्त्याने. नोव्हेंबर लागला की तो रस्ता गोठतो. गाडी भरवशाच्या हातात गेली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

पण भरवसा ठेवायचा कुणावर? लोकांना विचारावं तर ज्याचा मेहुणा गॅरेजवाला तो मेहुण्याचंच नाव घेणार. म्हणून रेनोने परीक्षा घ्यायचं ठरवलं. इंजिनावरची हवेची एक बारीक रबरी नळी तो स्वतःच काढायचा. गाडी थरथरायची, बंद पडू पडू करायची. मग हा भोळा चेहरा करून गॅरेजात जायचा आणि काय झालंय काही कळत नाही म्हणायचा. पहिल्याने इंजिन उघडावं लागेल म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, पार्ट शिकागोहून येईल, दोन आठवडे लागतील. तिसऱ्याने गुपचूप नळी लावली आणि सगळे स्पार्क प्लग बदलल्याचं सांगितलं. घरी येऊन बघतो तर जुन्याच प्लगांवर रेनोने केलेली पांढऱ्या रंगाची खूण जशीच्या तशी. तिन्ही वेळा तो खुशीतच परतला, कारण मनातून त्याला मेकॅनिक सापडायलाच नको होता. एली एकदा म्हणालीसुद्धा, "तुला मेकॅनिक हवाय की भांडण?"

चौथी लोर्ना पॅकेट. बंद पडलेल्या लाकूड गिरणीच्या मागे तिचं गॅरेज होतं, एकावेळी एकच गाडी मावेल एवढं. वय पन्नाशीचं. बापाबरोबर लाकडाचे ट्रक दुरुस्त करत शिकलेली आणि बोलायला कंजूष. बुधवारी सकाळी रेनोने गाडी दिली आणि तिथल्या मोडक्या खुर्चीत बसून कॉफी पीत राहिला. दहा मिनिटांत ती बाहेर आली.

"नळी निघाली होती, लावली. पैसे नकोत," ती म्हणाली. "पण रेनो, तिचा चिमटा तुम्ही किती नीट बाजूला सरकवून ठेवला होतात. आपोआप निघालेली नळी एवढी शिस्त पाळत नाही."

रेनोचे कान लाल झाले. लोर्ना हसली नाही. यंदा अशी परीक्षा घेणारे तुम्ही तिसरे, एवढंच म्हणाली आणि त्याला आत बोलावलं. गाडी आत आणताना उजव्या चाकापाशी तिला आवाज ऐकू आला होता, म्हणून तिने न विचारताच गाडी वर उचलून चाक काढलं होतं. ब्रेक पॅड धरून ठेवणारा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. त्यातला एक बोल्ट जागेवर नव्हता. दुसरा तिने त्याच्यासमोर दोन बोटांनी फिरवून दाखवला.

"हे काम कुणी केलं?" तिने विचारलं.

"त्या पुलाजवळच्या गॅरेजवाल्याने," रेनो म्हणून गेला. ज्याने इंजिन उघडायला सांगितलं होतं, तोच. त्याच्यावर राग होताच, त्यामुळे खोटं सहज निघालं.

लोर्नाने हात पुसले आणि खिशातून फोन काढला. "आत्ताच्या आत्ता बोलते त्याच्याशी. आणखी चार गाड्यांत त्याने हेच करून ठेवलं असेल तर कुणीतरी मरेल."

ती नंबर शोधायला लागली. रेनो त्या ढिल्या बोल्टकडे बघत होता. इतके दिवस तो खोटारडे गॅरेजवाले पकडत फिरला, आणि आता तिथे सगळ्यांत मोठा खोटारडा तोच उभा होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

"राहू दे फोन," तो म्हणाला. "मी केलंय ते. माझ्या हातांनी."

लोर्नाने मान हलवली आणि फोन खिशात ठेवला. उपदेश केला नाही. दोन्ही बोल्ट नवे घातले, आकड्याच्या पान्याने आवळले आणि प्रत्येक वेळी आकडा त्याला वाचायला लावला. "उद्या गुरुवार आहे," रेनो मध्येच म्हणाला. त्यात काय, ते तिला कळलं नाही.

घरी एली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. रेनोने अंगातलं जॅकेट न काढता तिला सगळं सांगितलं, बोल्टचं आणि लोर्नाशी खोटं बोलल्याचंही. ती सोलायची थांबली नाही.

"तीन आठवडे झाले, ठकठक येत होतीच," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर परत शिरला असतास गाडीखाली. तुझ्या हाताला काही कळत नाही, रेनो. जॅक नीट लावलाय की नाही ते तरी कळलं असतं का तुला? तू खाली असताना गाडी कोसळली असती म्हणजे?" तिने पुढचा बटाटा घेतला. "त्यापेक्षा मी हळू चालवत होते."

"किती हळू?"

"मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, इतकं हळू."

रेनो दाराला टेकून उभा राहिला. तीन गुरुवार ती खिडकीची काच खाली करून, तो आवाज ऐकत, पाण्याकडेच्या वळणांवरून साठ मैल गेली होती आणि साठ मैल परत आली होती. कारण एवढंच, की त्याने गाडीखाली जाऊ नये. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.