राखेतला हुलगा

पुण्याहून निघताना झोळीत छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. कमी पाण्यात पिकणारं, जमिनीला झेपणारं अन्न लोकांनी खावं म्हणून त्यांना कसं वळवायचं, हे मला शोधायचं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि स्वतःच्या हुशारीबद्दल मला शंका नव्हती.

वडूजला एसटीतून उतरलो तेव्हा वैशाखातलं माळरान उन्हात हलल्यासारखं दिसत होतं. हौसाबाई नावाच्या म्हातारीनं ताक दिलं, माझे प्रश्न ऐकून घेतले आणि निघताना एक गाठोडं हातात ठेवलं. आत राखेत घोळलेला हुलगा (कुळीथ) होता.

"माजं रान दोन सालं पडीक हाय. कुंडलला लेकीला द्या, म्हनावं बांधावर पेर. न्हाईतर ह्यो वाण गेलाच."

विट्याच्या स्टँडवर बघतो तर पॅन्टभर राख. वैतागून गाठोडं सोडलं, हुलगा फुंकून स्वच्छ केला आणि रुमालात बांधला.

कुंडलात चहूकडे ऊस, पाटाला पाणी. "आईनं हुलगा पाठवलाय," हौसाबाईंच्या लेकीला, शालनताईंना, एवढंच म्हणालो आणि प्रश्नावली शोधायला लागलो. त्या रुमाल घेऊन आत गेल्या. ओसरीवर टेकलो. आत जात्याची घरघर, बाहेर उसाची सळसळ, डोळा लागला. झोपेत मी वडूजच्या माळावर चालत होतो आणि जिकडेतिकडे हुलगा उगवला होता. फार सुखाची झोप होती ती.

जाग आली ती माडग्याच्या (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) वासानं. शालनताईंच्या पोरांनी दोनदा मागून घेतलं. मीही घेतलं. तिसऱ्या वाटीला निरोप आठवला.

तो ऐकून शालनताईंचा हात थांबला. "बियाण्याला राख लावत्यात. ह्याला न्हवती, म्हनून खायाचा समजून भाजला नि दळला. समदा."

मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून वडूजला गेलो आणि हौसाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पोरांनी खाल्लं व्हय?"

"दोनदा मागून."

"मग झालं की. चवच ठावं न्हाई, तर पेरलं कुनी असतं?" त्यांनी आतून दुसरं गाठोडं आणलं. "आन् समदं बियाणं परक्याच्या हातात कोन देतं वं?"

पुण्याला परतणं दोन दिवस लांबलं. पुन्हा कुंडलची एसटी धरली. मांडीवर राख सांडत होती. लोकांना वळवायला निघालेला मी, कुंडल येईपर्यंत ती तशीच घेऊन बसलो.