खीर दोनदा

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या जिन्यावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत उतरे, आणि त्या पट्टीत दादा सदरा काढून उभा राही. घरात आरसा होता तो तळहाताएवढा, अण्णांच्या गंधाच्या पेटीतला. त्यात एका वेळी फार तर एक भुवई मावायची. म्हणून दादाचा आरसा मी होते. तो श्वास सोडून पोट आवळून धरी, उन्हात घामाचा आणि मोहरीच्या तेलाचा वास सुटे, आणि मी, अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, पायरीवर बसून मोठ्या गांभीर्यानं त्याच्या पोटावरचे चौकोन मोजी. "गुड्डी, नीट गिन हं. किती दिसतात?" आधी दोन होते, मग चार झाले. होळी गेली, लू वाहणारा उन्हाळा गेला, गंगा चढली आणि घाटांच्या पायऱ्या एकेक करत पाण्याखाली गेल्या… तरी शेवटचे दोन काही उमटेनात.

आम्ही काशीत दूधविनायकाला राहत होतो. दोन खोल्या, एक लांबट ओसरी आणि ओसरीच्या टोकाला नळ. अण्णा याज्ञिक. श्राद्धासाठी महाराष्ट्रातून काशीला येणारी माणसं आमच्याकडेच उतरत. ओसरीत विधी चाले आणि आमच्याच स्वयंपाकघरात त्यांच्या पितरांचा स्वयंपाक होई. भाद्रपदाच्या त्या वद्य पक्षात काळ्या तिळांचा, ओल्या दर्भाचा, तुपाचा आणि तळल्या जाणाऱ्या उडदाच्या वड्यांचा वास घरात असा काही मुरे, की माझ्या शाळेच्या दप्तरालाही तो येई. आणि नेमक्या ह्या घरात दादानं अंगावरची चरबी उतरवायला घेतली होती. याहून अडचणीची जागा त्याला साऱ्या बनारसात शोधून सापडली नसती.

आमच्याकडे जेवण हे काम होतं, हे आधी सांगायला हवं. श्राद्धाला दोन ब्राह्मण बसतात, एक देवांच्या पाटावर, एक पितरांच्या. पितरांच्या पाटावर बसलेला माणूस स्वतःसाठी जेवतच नाही. गेलेला माणूस त्याच्या तोंडानं जेवतो. म्हणून त्यानं बोलायचं नाही, घाई करायची नाही, आणि पोट भरेतो पानावरून उठायचं नाही. शेवटी त्याला विचारतात, तृप्त झालात? तो म्हणतो, तृप्त झालो. तेवढ्या एका उत्तरासाठी माणसं दोन-दोन दिवस गाडीत बसून येत. अण्णांचं पोट चांगलं घागरीएवढं होतं, आणि त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट थोडासा अभिमानच होता. कितीतरी घरांचे बाप-आजे त्या पोटानं तृप्त केले होते.

दादाचं नाव माधव. त्याला हे पोट नको होतं आणि हे कामही नको होतं. त्याला शरीर घडवायचं होतं, पुढे दुसऱ्यांची घडवायची होती. चार वर्षं तो मैदागिनजवळच्या एका जिममध्ये पहाटे जाई. तिथल्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. मग घरात भांडणं झाली, अबोले झाले, आईनं दोघांची समजूत घातली आणि शेवटी एक ठराव झाला. ह्या वर्षीच्या स्पर्धेत तो पहिल्या तिघांत आला, तर उस्ताद त्याला जिममध्ये शिकवायला ठेवणार होते, आणि अण्णा एक शब्द बोलणार नव्हते. नाही आला, तर दसऱ्यापासून त्यानं मुकाट्यानं अण्णांच्या मागे पोथी धरून बसायचं. स्पर्धा नेमकी पितृपक्षात होती. त्या दिवसांत लग्नं नसतात, म्हणून लग्नाचा हॉल सहज मिळतो.

ताटातून एकेक पदार्थ उतरत गेला तो मी पाहिला आहे. आधी साखर गेली, मग तूप, मग पोळी, मग भात. उस्तादांनी दिलेला कागद त्यानं पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता, म्हणजे कणीक घेताना आईच्या रोज डोळ्यांपुढे यावा. हवनाचं साहित्य तोलायचा अण्णांचा पितळी काटा घेऊन तो भिजवलेले चणे तोली, पनीर तोली, मोडाचे मूग तोली; काट्याला कापराचा वास होता, तो चण्यांनाही लागे. अंड्याला मात्र त्यानं हात लावला नाही. उस्ताद हसले, मित्रांनी टिंगल केली, पण तेवढं एक त्यानं अण्णांसाठी पाळलं… आणि अण्णांना ते कधी सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात मीठ बंद झालं, आणि शेवटच्या दोन दिवसांत पाणी. पाणी तोडलं की कातडी स्नायूंना चिकटते, चौकोन उठून दिसतात, असं त्यांच्यात म्हणत. आज कुणी माझ्यासमोर असं काही बोललं, तर मी त्याच्या हातात तांब्या देईन आणि तो रिकामा होईपर्यंत जागची हलणार नाही. तेव्हा मला काही कळत नव्हतं. त्याचे ओठ उलले होते, जिना चढताना तो भिंतीला हात टेकत होता, आईचं सारं लक्ष त्याच्या पावलांकडे होतं, आणि मी आनंदानं नाचत होते, कारण त्या दिवशी दुपारच्या उन्हात मला पाच मोजता आले होते. सहावा फक्त पुसट होता.

तो स्पर्धेचा आदला दिवस. अकोल्याहून एक काकू आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान मागल्या वर्षी गेले, अन्ननलिकेच्या आजारानं. स्वयंपाक त्यांनी स्वतःच करायला घेतला. मी शेजारी बसून वेलदोडे सोलत होते. खीर ढवळता ढवळता त्या आईला सांगत होत्या, की शेवटचे तीन महिने ह्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. समोर ताट असायचं, वास यायचा, आणि हे नुसते बघत बसायचे. खिरीवर फार जीव होता. हे सगळं त्या रडत सांगत नव्हत्या. दूध उतू जाऊ नये म्हणून सारं ध्यान पातेल्यात ठेवून सांगत होत्या. मग पळी काढून ठेवत म्हणाल्या, "आज जेवतील पोटभर."

आणि ऐन वेळी मंगळागौरीजवळून निरोप आला, की पितरांच्या पाटावर बसणारे गुरुजी तापानं पडले आहेत. पितृपक्षात काशीत मोकळा ब्राह्मण मिळणं कठीण. वेळ टळत चालली होती. अण्णा जिन्याशी आले आणि उन्हाच्या पट्टीत उभ्या असलेल्या दादाला म्हणाले, "सोवळं नेस. पितरांच्या पानावर तुला बसायचंय."

"अण्णा, उद्या स्टेज आहे."

"माहीत आहे मला. आज त्यांची तिथी आहे."

दादानं खुंटीवरचं सोवळं ओढलं.

ते पान मला आजही वाढल्यासारखं दिसतं. भाताची मूद, कढी, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी, वडे, लाल भोपळ्याचे घारगे, आणि द्रोणात खीर, वर तुपाचा पिवळा थेंब. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड बसल्या होत्या. तिथून त्यांना दादाची फक्त पाठ दिसत होती. चार वर्षं घडवलेली ती रुंद पाठ पानाच्या आड आली होती. त्यांना त्याचा कोपर वर-खाली होताना दिसत होता, आणि तेवढ्यावर त्या समाधानानं मान डोलावत होत्या. मी ओसरीच्या खांबाला टेकून होते. मला पुढची बाजू दिसत होती. दादाचा हात पानावर जाई, तोंडाशी येई, आणि ओठ मिटलेलेच राहत. कारल्याच्या दोन फोडी तेवढ्या त्यानं खाल्ल्या. वडे भाताखाली गेले. घारगे पानाच्या दुमडीत गेले. खिरीचा द्रोण त्यानं मुदीच्या मागे सरकवला. आई आग्रह करायला पातेलं घेऊन दोनदा बाहेर आली, दोन्ही वेळा त्यानं पानावर आडवा हात धरला.

अण्णा समोरच होते. ते मंत्र म्हणता म्हणता थांबले. तृप्त झालात, असं ते एरवी एकदाच विचारत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं, आणि पुन्हा एकदा विचारलं.

"तृप्त झालो," दादा म्हणाला. पानाकडे बघूनच म्हणाला.

तो हात धुवायला नळाशी गेला आणि काकू उठल्या. पान मी उचलते, त्या म्हणाल्या, तेवढंच मला करू दे. मी कशी धावले ते मला आठवत नाही. त्या उंबऱ्याशी पोचायच्या आत पान मी दोन्ही हातांनी दुमडून छातीशी धरलं होतं, आणि द्रोण कलंडून खीर माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती, कोमट, वेलदोड्याच्या वासाची. काकू समोर उभ्या. त्यांनी विचारलं, "खाल्लं का गं सगळं?"

"हो," मी म्हणाले. "खीर दोनदा मागितली."

आई दोनदा पातेलं घेऊन गेली होती, त्यामुळे माझी थाप खपली; हातावरची खीर त्यांना दुसऱ्या वाढीतली उरलेली वाटली असावी. काकू जागच्या जागी थांबल्या. "ह्यांचं तसंच होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वाटीनं कधी भागलंच नाही." त्यांनी पदरानं डोळे पुसले, हसल्या, आणि आत जाऊन आईला म्हणाल्या, की आता मला वाढा. नळ वाहत होता. त्याच्याजवळ दादा पाठमोरा उभा होता, तोंडात घेतलेलं पाणी न गिळता थुंकून टाकत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी पाहुणे गाडीला गेल्यावर अण्णा त्याला म्हणाले, "तू उपाशी उठलास, ते तुझं तू बघ. पण तो माणूस तीन महिने उपाशी होता, माधव." दादा म्हणाला, तुम्ही मुद्दाम बसवलंत मला. गुरुजींना खरंच ताप होता, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी ते सांगायची माझी छाती झाली नाही. मग अण्णांनी माझ्याकडे पाहिलं… बराच वेळ पाहिलं. "हात धू," ते म्हणाले. "चिकट आहेत." मी दुपारपासून चार वेळा हात धुतले होते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. दादा तपकिरी रंग फासून, तेल लावून दिव्यांखाली उभा राहिला आणि मला पोटावर सहाच्या सहा दिसले, अगदी स्पष्ट, मोजायचीही गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत होता. एरवी मी बोटं वर करून आकडा दाखवला असता. त्या दिवशी माझे हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत. तो तिसरा आला. घरी आल्यावर ओसरीच्या नळाशी बसून तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला आणि आईनं वाढलेल्या ताटाला त्यानं हात लावला नाही. अण्णांनी शब्द पाळला. ते त्याला कधी काही बोलले नाहीत. पितरांच्या पानावरही त्याला पुन्हा कधी बसवलं नाही.

आता दादाची स्वतःची जिम आहे. पोरांना तो कागद लिहून देतो, किती पनीर, किती चणे, आणि पहिल्याच ओळीत, किती पाणी. त्याच्या स्वतःच्या पोटावर आता एकही चौकोन नाही; अण्णांची घागर त्याच्याकडे आली आहे, असं मी चिडवते. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. शेवटचा महिना त्यांना काही जात नव्हतं. साऱ्या गल्लीच्या खाण्याचा हिशोब सांगणारा दादा मुगाचं पाणी घेऊन त्यांच्या खाटेशी बसे आणि किती चमचे आत गेले ते मला फोनवर कळवी. सात. पाच. काल तीन… मी भोपाळला बँकेत बसून ते आकडे ऐके.

गेल्या पितृपक्षात मी अण्णांच्या श्राद्धाला काशीला गेले. आता आईला उभं राहणं होत नाही, म्हणून खीर मी केली. विधीला दादा बसला. पितरांच्या पाटावर ब्रह्माघाटाच्या पाठशाळेतला एक किरकोळ तरुण ब्राह्मण होता. दिवस असे धावपळीचे, बहुधा सकाळीच कुठे जेवून आला असावा. तो बिचारा मान खाली घालून घास चिवडत होता. दादानं विचारलं, तृप्त झालात? तो म्हणाला, झालो. दादा पानाकडे न बघता उठला आणि मला म्हणाला, पान तू उचल.

मी उचललं. द्रोणातली खीर तशीच होती, वर साय धरली होती. दादा नळाशी पाठमोरा उभा होता. नळ सुरू होता, पण हात तो धूत नव्हता.

"खाल्लं का गं सगळं?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "खीर दोनदा मागितली."

त्यानं नळ बंद केला. उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. "अण्णांना आवडायचीच," तो म्हणाला. मग आम्ही दोघं जेवायला बसलो.