पुढचं आपल्या जबाबदारीवर वाचावं

किस्से जमवावे लागत नाहीत. चार रिकामी माणसं एका टेबलाला बसली की ते आपोआप साचतात, न विसळलेल्या कपांसारखे. आम्हा चौघांच्या स्वतःच्या वेबसाइट आहेत. वाचक म्हणाल तर तेही आम्हीच चौघं. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं म्हणून एरंडोलला चहाला भेटतो आणि एकमेकांचं वाचलं म्हणून खोटं सांगतो.

लेखाच्या आधी धोक्याची सूचना टाकायची टूम माझी. मोठमोठ्या साइटवर असते, म्हटलं आपल्याकडेही असू द्या.

*

भुसावळचे भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी एका जुन्या अपघातावर लिहिलं. वर सूचना, ‘सदर लेखात अपघात आहे. रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी तसेच एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी पुढचं आपल्या जबाबदारीवर वाचावं.’ आणि असं बरंच. सूचना पानभर, लेख चार ओळी!

खाली चक्क एका अनोळखी माणसाची कॉमेंट आली. भाऊंनी आम्हाला पेढे दिले आणि मग ती वाचून दाखवली. “सूचना आवडली. लेख कधी टाकताय?”

*

मी कविता टाकली. वर लिहिलं, ‘निराशाजनक मजकूर.’ एकच प्रतिक्रिया आली, तीही भाऊंची. “सूचना अगदी खरी आहे.”

त्यानंतर मी कविता लिहिलेली नाही. का, ते कोणी विचारलंही नाही.

*

देवपूरच्या अक्का, शाळेत बाई होत्या. त्यांनी भरताची रेसिपी टाकली आणि प्रामाणिकपणे वर लिहिलं, ‘तिसऱ्या परिच्छेदात नणंदेचा विषय आहे. तिने वाचू नये.’ नणंदेनं आजवर अक्कांचं एक अक्षर वाचलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी ती दारात हजर.

अक्कांनी विचारलं, “भरीत कसं वाटलं?”

“भरताचं मला काय माहीत? मी थेट तिसरा परिच्छेद वाचला.”

*

चौथे आबा. धुळ्याकडचे, कापूस पिकवणारे. मुलानं बंगळुरूला आपल्या मनानं लग्न केलं, आबा गेले नाहीत. तेव्हापासून रविवारी फोन येतो आणि बापलेक फक्त पावसावर बोलतात, इकडे पडला का, तिकडे पडला का. फोनवर जे तोंडातून निघत नाही ते आबांनी वेबसाइटवर लिहिलं. माझं चुकलं, सुनेला घेऊन घरी ये. मुलाला लिंक मी पाठवली. महिने गेले. दर भेटीत आबा आपल्या अहिराणीत विचारायचे, “मना पोऱ्यानी वाचं का?” आम्ही कपात बघायचो. फार वाईट वाटायचं.

शेवटी अक्का म्हणाल्या, “आबा, माझ्या नणंदेला लागू पडलं तेच करा.” मग आबांच्या लेखावर ठळक अक्षरात टाकलं, ‘माझ्या मुलाने वाचू नये.’ लिंक पुन्हा पाठवली.

रविवारी आम्ही एरंडोललाच होतो, तेव्हा फोन वाजला. आबांना स्पीकर बंद करता येत नाही.

“आबा, तुमचं ते पान उघडलं होतं मी.”

आबांनी कप खाली ठेवला.

“वर लिहिलंय, मुलाने वाचू नये. मग लगेच बंद केलं. आता तरी तुमचं मन कशाला मोडू?”

आबा आमच्याकडे बघत राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, “बरं करं. तठे पानी पडना का?”