दहातले चार शब्द

कॉर्नेल हॅडनॉट दर वर्षी एका परीक्षेत मुद्दाम ढ ठरायचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

टेक्सासच्या पूर्वेला, पाइनच्या रानात त्याचं गाव. तिथे पोरगं उंचीमुळे दारातून वाकून आत यायला लागलं की पाद्र्याच्या आधी शाळेचा कोच घरी येतो. अशाच कोचच्या हाताखाली तयार झालेला कॉर्नेल पुढे नऊ वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला, लाइनबॅकर म्हणून. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर जाऊन आडवा करायचा, तो उठला की पुन्हा आडवा करायचा, एवढंच त्याचं काम.

हंगामाआधी संघाचे डॉक्टर सगळ्यांची स्मरणशक्ती तपासत. दहा शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण घसरले तर मैदानाबाहेर. बाहेर बसलेल्याची जागा दुसऱ्याने बळकावली की ती परत मिळत नसे. म्हणून मर्ल नावाच्या जुन्या गड्याने त्याला पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला, "दहा आठवले तरी चारच सांग, लेका. मग मार खाऊन खरंच चार आठवले तरी तू ठणठणीत!" सगळेच तसं करत. संघाच्या कोचलाही ते ठाऊक होतं, पण त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेलं.

कॉर्नेलने हे घरी सांगितलं तेव्हा रेनेटा पोट धरून हसली होती. नवं लग्न होतं. "त्यासाठी तुला वेगळं नाटक कशाला करायला हवं?" असं तिने वर चिडवलंही. मग दर वर्षी तीच त्याची तयारी करून घ्यायची. कुठे अडखळायचं, कपाळाला किती आठ्या घालायच्या, सगळं. आज ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आता कॉर्नेल सेहेचाळीसचा आहे. तोंडात कॉर्नब्रेडचा घास असताना विचारतो, "आज जेवायला काय?" न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की अजून त्याच्या जुन्या जर्सीच्या नंबराने आरोळी उठते, "चोपन्न नंबर आला रे!" तो तोच एक किस्सा सांगतो, पाच मिनिटांनी पुन्हा सांगतो, आणि माणसं पुन्हा हसतात. त्यांच्या बापाचं काय जातं? मागच्या महिन्यात त्याने रेनेटाला चोर समजून भिंतीवर आपटलं. तिचा खांदा निखळला. मग भानावर आल्यावर तिच्याच पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

हा विसरण्याचा आजार खेळामुळेच झाला असं फुटबॉल लीगच्या डॉक्टरने लिहून दिलं, तर लीगच्या खर्चाने घरी दिवसभर सांभाळायला माणूस मिळणार होता. नाहीतर कॉर्नेलची रवानगी कुलूपबंद वॉर्डात. रेनेटा त्याला घेऊन ह्यूस्टनला गेली.

डॉक्टरने दहा शब्द ऐकवले. थोड्या वेळाने विचारले. कॉर्नेलने कपाळाला आठ्या घातल्या आणि चार सांगितले.

डॉक्टरने जुने कागद समोर ठेवले. "पहिल्या वर्षी चार. पाचव्या वर्षी चार. शेवटच्या वर्षी चार. आजही चारच. घसरण कुठे आहे, बाई?"

"अहो, ते खोटं होतं! सगळेच मुद्दाम चुकायचे!"

"खाली सही आहे त्यांची. 'मी प्रामाणिकपणे उत्तरं दिली.' नऊ वर्षं, नऊ सह्या." डॉक्टरने कागद नीट जुळवून ठेवले. "तेव्हा खोटं बोलले म्हणता, मग आज खरं बोलताहेत कशावरून?"

रेनेटाने कॉर्नेलच्या कपाळाकडे पाहिलं. जिने त्याला आठ्या घालायला शिकवलं, तिने आता कोणत्या तोंडाने बोलायचं? शिवाय आजच्या आठ्या खऱ्या होत्या हे तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

गाडीत तिने त्याचा पट्टा लावला. दुखऱ्या हाताने तो नीट लागेना. कॉर्नेलने मागे वळून दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं आणि तिला कोपराने हळूच ढोसलं. डोळ्यांत तोच जुना खट्याळपणा होता.

"किती पडले गं?"

"चार."

तो खुदकन हसला. "बघ! अजून एकालाही पत्ता नाही. या हंगामातही मी खेळणार."