मेव्हिसच्या तोंडचा शब्द

गाइल्स या माणसाबद्दल माझ्याकडून चार बऱ्या शब्दांची अपेक्षा कुणी करू नये. त्याने मेव्हिस डॉडच्या तोंडाला कुलूप लावलं, आणि तेही आमच्याच भागात येऊन, आमच्याच भिंतीपाशी उभं राहून.

भिंत म्हणजे रोमन लोकांची. या कड्यांवरून त्यांनी ती एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत बांधली, मग एक दिवस निघून गेले, आणि आमच्या पूर्वजांनी तिचे दगड उपसून गोठे बांधले. दगड चांगले होते. आता दक्षिणेकडचे लोक सुट्टी काढून येतात आणि तिच्या कडेकडेने आठवडाभर चालतात. त्यांच्या बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर मी व्हॅनमधून नेतो. त्यांना चालवत नेण्याचं काम मेव्हिसचं. म्हणजे, होतं.

मेव्हिसचं माहेर भिंतीच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या वाडीवर. या सहली काढणाऱ्या कंपनीने वाटाड्यांना पाठ करायला दिलेल्या भाषणात एक वाक्य होतं, ‘या भिंतीपलीकडे रानटी टोळ्यांचं राज्य होतं.’ मेव्हिस ते वाक्य इमानदारीत म्हणायची आणि मग बोट दाखवायची. “ते धुराडं दिसतंय ना? त्या टोळीत मी जन्मले. आई अजून तिथेच स्वयंपाक करते. दगड मारत नाही, पण पाय न पुसता आत गेलात तर सांगता येत नाही.” लोक खो खो हसायचे. त्याच लोकांना तासाभरापूर्वीपर्यंत वाटत असायचं की भिंत ओलांडली की स्कॉटलंड लागतं! शिकलेसवरलेले लोक, हातात नकाशा, आणि हे अज्ञान. मी असतो तर एकेकाला तिथेच सुनावलं असतं. मेव्हिस फक्त म्हणायची, “नाही पेट, स्कॉटलंडला जायचं तर अजून बरंच चालावं लागेल.”

हाच तो शब्द. पेट.

दक्षिणेत पेट म्हणजे घरात पाळलेलं कुत्रं नाहीतर मांजर. आमच्याकडे पेट म्हणजे बाळा, राजा, बाई गं, दादा, सगळं एकात. बस कंडक्टर म्हणतो, नर्स म्हणते, मासे विकणारी म्हणते. मेव्हिसने तर हॉल्टव्हिसलच्या शाळेत उभी हयात जेवण वाढण्यात घालवली. “बटाटे अजून घे, पेट.” गावातली निम्मी माणसं त्या वाक्यावर वाढली आहेत. त्यांच्यात एक पोलीस आहे. तो अजूनही मेव्हिस समोरून आली की पोट आत घेतो, कारण ती त्याला भर रस्त्यात विचारते, “जेवतोस का नीट, पेट?”

मग तिचा नवरा नॉर्मन आजारी पडला. खाणीतली धूळ छातीत बसली होती. तिने शाळा सोडली, काही वर्षं त्याच्या उशाशी काढली, आणि तो गेला. त्या हिवाळ्यात तिच्या खिडकीचे पडदे उघडले नाहीत. मी शेजारी. मी दार बडवायचो.

“मेव्हिस, मेलीस का गं?”

“अजून नाही, पेट. जा तू.”

हे असं महिनोन्‌महिने. शेवटी वसंतात कंपनीला इथला वाटाड्या हवा होता, तेव्हा मीच तिचं नाव सुचवलं आणि तिच्या इतका मागे लागलो की माझं तोंड बंद व्हावं म्हणून ती एक दिवस गेली. संध्याकाळी परत आली ती वाऱ्याने गाल लाल झालेली. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने दोन ताटं बटाटे आणि मटणाचा रस्सा संपवला आणि म्हणाली, “हेड्ली, उद्या पण जाते.” पडदे उघडले ते त्यानंतर.

चार उन्हाळे ती त्या कड्यांवरून माणसं नेत होती. आणि यंदा कुणा बाईंनी तक्रार केली. मला कुत्र्यासारखी हाक मारतात, म्हणे! झालं. कंपनीचा फोन आला: ग्राहकाला ‘सर’ म्हणायचं, ‘मॅडम’ म्हणायचं, नाहीतर आडनाव घ्यायचं. तो शब्द पुन्हा ऐकू आला तर काम बंद. आणि खात्री करायला कंपनीचे मॅनेजर, आमचे गाइल्ससाहेब, स्वतः एक दिवस बरोबर चालणार.

पेट शब्दावरून मी असा पेटलो की केटली आदळली. “सांग त्यांना, खड्ड्यात जा म्हणावं!”

“नाही सांगणार,” मेव्हिस म्हणाली. “जीभ माझी आहे. आवरता येते मला.”

“पण का आवरायची?”

“कारण पुन्हा त्या घरात बसले तर मी मरेन, हेड्ली.”

 मी केटली उचलून पुन्हा गॅसवर ठेवली.

ठरल्या दिवशी सकाळी गाइल्स आला. वय पस्तिशीचं, बूट कोरे करकरीत, दातही तसेच. मेव्हिस फाटकापाशी उभी राहून एकेकाला म्हणत होती, “गुड मॉर्निंग, सर. गुड मॉर्निंग, मॅडम.” तिचा चेहरा शाळेच्या फोटोत असतो तसा ताठ. त्या घोळक्यात नॉर्विचच्या मिसेस पार्फिट होत्या. दोन वर्षांपूर्वीही त्या आल्या होत्या. तेव्हा त्यांचा नवरा नुकताच गेला होता, आणि पहिल्या चढावरच त्या दगडावर बसून रडायला लागल्या होत्या. मेव्हिस त्यांच्या शेजारी बसली, त्यांना चहा पाजला आणि पाठीवर हात ठेवून सबंध चढ चढवून नेलं. आज त्या हसत पुढे आल्या, हात पसरलेले.

“गुड मॉर्निंग, मिसेस पार्फिट,” मेव्हिस म्हणाली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

दुपारी भिंतीजवळच्या स्टील रिगच्या पार्किंगमध्ये मी चहा आणि हॅम घातलेले स्टॉटी, म्हणजे आमच्याकडचे चपटे गोल पाव, घेऊन थांबलो होतो. एरवी मेव्हिसचा घोळका येतो तो आवाजावरून कळतो. कुणी गात असतं, कुणाला फोड आलेला असतो आणि बाकीचे त्याची टर उडवत असतात. आज माणसं आली, पाव घेतले, आणि गुमान चावत बसली.

मी मेव्हिसपुढे कप धरला. “घे.”

“आभारी आहे.”

“आभारी? अगं माझ्याशी तरी माणसासारखी बोल!”

“हळू,” ती ओठ न हलवता म्हणाली. “तो ऐकतोय. तो शब्द एकदा तोंडातून सुटला की सुटतच राहील.”

गाइल्स पलीकडे उभा राहून नाकाने कांदे सोलत होता: पावात लोणी जास्त आहे, कप कागदी हवेत, व्हॅनवर रोमन शिरस्त्राणाचं चित्र का नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मेव्हिसने माझ्याकडे असं बघितलं की मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो आणि दार आपटलं.

संध्याकाळी सगळे मुक्कामाच्या पबच्या अंगणात उतरले. मी बॅगा काढत होतो. गाइल्स मेव्हिसपाशी आला. “उत्तम! अगदी हवं होतं तसं. पुढचा हंगाम तुमचाच समजा.”

मेव्हिसने मान हलवली. तिचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले. काम टिकवलं होतं तिने. आणि मला, खरं सांगतो, तिचाच राग आला होता.

तेवढ्यात मिसेस पार्फिट आल्या. टोपी हातात चुरगाळत होत्या.

“मेव्हिस, माझं काही चुकलं का?”

“नाही हो मॅडम.”

“मग तुम्ही रागावल्यात का माझ्यावर? गेल्या खेपेला तुम्ही मला... घरी मला कुणी लाडाने काही म्हणतच नाही हो आता. मी तेवढ्यासाठी आले होते. दिवसभर आठवतेय, मी काय बोलून गेले असेन.”

मेव्हिसने गाइल्सकडे बघितलं. तो मागेच उभा होता. मग मिसेस पार्फिटांकडे बघितलं. 

“तुझ्यावर कशी रागवेन मी, पेट?” ती म्हणाली आणि त्यांना जवळ घेतलं. “इकडे ये. काही चुकलं नाही तुझं, पेट. काही म्हणजे काही नाही.”

“मेव्हिस,” गाइल्सने घसा साफ केला, “आपलं ठरलं होतं. सेवेचा दर्जा—”

“तू जरा गप्प बस, पेट,” मेव्हिस म्हणाली.

अंगणातली सगळी माणसं हसली. मी तर बॅग टाकून हसलो. गाइल्स कानापर्यंत लाल झाला आणि त्याने तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

परतताना व्हॅनमध्ये मी गाणं म्हणायचंच काय ते बाकी होतं. “जिरवलीस! काय तोंड झालं होतं त्याचं! सगळ्या गावाला सांगतो, थांब.”

“गाडी थांबव,” मेव्हिस म्हणाली.

मी कडेला घेतली.

“मला ते काम हवं होतं.”

“माहीत आहे गं.”

“माहीत आहे तर हसतोस कशाला?” तिचा आवाज इतका चढलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. “तू मर्द, तू शूर, खड्ड्यात जा म्हणावं! उद्या सकाळी तू उठशील आणि त्यांच्या बॅगा उचलायला जाशील. मी कुठे जाऊ, हेड्ली? सांग ना. मी उठून कुठे जाऊ?”

इंजिन चालूच होतं. मी किल्ली फिरवून ते बंद केलं आणि तिच्याकडे वळून बसलो.