मन वाचणाऱ्या जोगिणीचा नियम

आमच्या रविवार दुपारच्या खेळाला पट लागत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि पुढे काय होईल हे ठरवायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत आम्ही चौघं जमतो. गोष्ट सांगायचं काम माझं.

एकदा मी किल्ल्यातल्या विषप्रयोगाची गोष्ट रचली. गुन्हेगार सापडायला दोन महिने लागतील, असा माझा अंदाज होता. आमच्यात एक वाचा-उपचार करणारी मुलगी आहे. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवते. तिचं पात्र मन वाचणारी जोगीण. नियमांच्या पुस्तकात होतं, फासा दहाच्या वर पडला की समोरच्याचं मन कळतं. तिने आचाऱ्याचं मन वाचायला फासा टाकला. चौदा पडले. विष त्यानेच घातलं होतं.

"दोन महिन्यांची गोष्ट दहा मिनिटांत," आमचे निवृत्त गणिताचे सर म्हणाले. "वेळ वाचवलात हो आमचा."

मला ते लागलं. "ही शक्तीच काढून टाकू," मी म्हणालो.

"काढू नका ना, दादा," ती म्हणाली. "शक्ती ठीक आहे, नियम कच्चा आहे. मला एक आठवडा द्या."

पुढच्या रविवारी विश्रांतवाडीहून ती स्कूटरवर आली, ती हाताने लिहिलेली दोन पानं घेऊन. एकेका गुणासाठी माझ्याशी भांडणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्याच पात्राची ताकद कमी करून आणणारी ही पहिलीच. तिचा नियम असा: फासा चांगला पडला तरी उत्तर मिळणार नाही. एखादा वास, एखादं चित्र किंवा एक शब्द, एवढंच. ते काय असेल हे ज्याचं मन आहे त्याने ठरवायचं, पण खरं सांगायचं. आणि ज्याच्या मनात डोकावलात, त्याने तुम्हाला एक प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तरही खरंच द्यायचं.

"हे सुचलं कुठून?" मी विचारलं.

"कामावरून. पेशंट 'पाणी' म्हणतात आणि त्यांना हवी असते खिडकी उघडून. मी घाईने ओळखायला गेले की चिडतात. आणि मी त्यांना बघते, तसे तेही मला बघतच असतात की."

सरांनी पेन्सिल घेऊन तासभर आकडेमोड केली. "चूक सापडत नाहीये," ते म्हणाले. "वाईट वाटतंय."

चौथे खेळाडू यवतमाळकडचे, कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारे चाळिशीचे गृहस्थ. खेळात ते किल्ल्याचे पहारेकरी. चार महिन्यांत "मी तलवार काढतो" यापलीकडे ते फारसं बोलले नव्हते. त्या दुपारी जोगिणीने पहारेकऱ्याच्या मनात डोकावून पाहिलं. फासा चांगला पडला.

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ओल्या मातीचा वास. आणि एक पितळी डबा."

आता प्रश्न विचारायची पाळी त्यांची. ते तिच्याकडे वळले. "तू सगळ्यांचं मन पाहून राहिली. तुझं कोण पाहते?"

जोगिणीचं उत्तर द्यायचं होतं, पण आवाज तिचा स्वतःचाच निघाला. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर फोर्कलिफ्टवाले भाऊ जे बोलायला लागले, ते संध्याकाळपर्यंत. डब्याचा माग काढता काढता आमची गोष्ट पाच महिने चालली, आणि तिच्यातला निम्मा भाग त्यांनीच घडवला. मी आयुष्यभर गोष्टी रचत आलोय, पण माणसाला बोलतं करणारा नियम मला कधी सुचला नव्हता. हे मी तिला सांगितलं, तर ती लाजली आणि पोहे वाढून घ्यायला उठली.

परवा तिने नवी दुरुस्ती आणली: समोरचा "नको" म्हणाला, तर फासा टाकायचाच नाही. सरांनी हरकत घेतली. दीड तास वाद चालला. ती जिंकली.