सांग तुझ्या आईला

"सांग तुझ्या आईला, मूल सांभाळायची हिची लायकी नाही."

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. आईकडे नाही. आई माझ्या शेजारीच उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, कारण ब्लाउज छातीशी ओला झाला होता. अंगावर पिणारं बाळ ज्यांनी नेलं, त्यांच्यासमोर ती दुधाने भिजून उभी होती. आणि माझ्या हातांकडे बघत होती. मॅडम काय म्हणाल्या ते मी सांगेन म्हणून.

माझे आई-बाबा दोघेही जन्मापासून मुके-बहिरे. मला ऐकू येतं. मी तेव्हा नऊ वर्षांची. दूधवाला, रेशनवाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं बोलणं मीच घरात आणायची. घरातलं बाहेर न्यायची.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. आम्ही कल्याणला चाळीत राहायचो. बाबा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचे. आई घरी ब्लाउजना काज-हूक लावायची. तिचं माहेर ठाण्याच्या खाडीवरचं, कोळ्यांचं.

बाळ, म्हणजे माझा धाकटा भाऊ, रडलं तर तिला ऐकू यायचं नाही. पण कळायचं. दिवसा त्याच्या कमरेला सुती नाडी बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. तो सरकला की तिला ओढ लागायची. रात्री तळहात त्याच्या छातीवर ठेवून झोपायची. हुंदका छातीत चढतानाच तिचे डोळे उघडायचे. अख्ख्या चाळीत आपल्या पोरासाठी सगळ्यात आधी माझी आई उठायची.

त्या दुपारी मी शाळेत गेलेले. स्टोव्ह पेटवायचा म्हणून आईने नाडी सोडली. जाळाजवळ पोर नको. तेवढ्यात बाळ रांगत उंबऱ्याबाहेर गेलं आणि जिन्यावरून गडगडलं. कपाळ फुटलं. चाळीत पोरं रोज पडायची. त्यासाठी कुणाचं पोर कुणी नेलं नाही.

आई त्याला घेऊन अनवाणी दवाखान्यात पळाली. मागोमाग शेजारच्या काकू. टाके घातले. मग विचारलं, कसं लागलं? आईने हातांनी सांगितलं. कळेना. ती जोरजोरात हात करायला लागली, घशातून आवाज निघायला लागला. नर्स म्हणाली, "वेडी आहे वाटतं." काकूंनी सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर दवाखान्याने बोलावलेला पोलीस आलेला. मी शाळेतून पोचले तेव्हा आई रिकाम्या हातांनी बाकावर बसलेली. बाळ डोंबिवलीच्या एका बालगृहात. चौकशी होईपर्यंत.

आणि आता बालकल्याण मंडळासमोर ही चौकशी. मोठं टेबल. मधे मॅडम, बाजूला दोन साहेब.

"रात्री बाळ रडलं तर हिला कळतं कसं?"

मी आईला विचारलं. आईने हवेतच बाळ निजवलं. त्याच्या छातीवर हात ठेवला. डोळे मिटले, पटकन उघडले.

एक साहेब हसला. "चांगली ॲक्टिंग करते."

"आणि दिवसा?"

मी नाडीचं सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून म्हणतील, हुशार आहे हो तुझी आई.

"पोराला दोरीने बांधता? गुरं आहेत का ती?"

आणि लिहून घेतलं. आईचं जे सगळ्यात चांगलं, तेच तिच्याविरुद्ध लिहिलं.

मग ते लायकीचं वाक्य. मी नुसतीच उभी राहिले म्हणून मॅडम जरा गोड झाल्या. "हे बघ बाळ, तिला सांग, तुझ्या भावाला बोलणारं घर मिळेल. शिकलेली माणसं आहेत. तिने फक्त हो म्हणायचं. त्याच्याच भल्याचं आहे."

आईने माझ्या दंडाला हात लावला. काय म्हणतात?

मी हात उचलले. छातीपर्यंत आणले. लागणाऱ्या सगळ्या खुणा मला येत होत्या. बाळ. दुसरं घर. तू नको. या हातांना भूक, पाणी, चंद्र, शाळा आईने शिकवलेलं. त्याच हातांनी तिला हे सांगायचं?

मी हात पाठीमागे नेले. एकमेकांत घट्ट आवळले.

"मी नाही सांगणार."

"काय?"

"तुम्ही सांगा. तिची भाषा येत नाही ना? मग शिका."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "हे वळण! जास्त बोललीस तर तुलाही तिकडेच ठेवू."

चड्डी ओली होईल असं वाटत होतं. पण हात सोडले नाहीत.

आईने माझ्या मागे वाकून बघितलं. आवळलेले हात बघितले. मग मॅडमचं तोंड बघितलं. तिला कळलं. ती तिथेच फरशीवर बसली. तिच्या घशातून जो आवाज आला तो तिला ऐकू आला नाही. आम्हाला सगळ्यांना आला.

त्यांनी पुढची तारीख दिली.

आजी खाडीवरून आली आणि बालगृहाच्या पायरीवर बसली. वॉचमन हाकलायला आला तर म्हणाली, "माजी पोर मुकी हाय, येडी नाय. नातू घेतल्याबिगर मी जानार नाय." रोज हाकलली, रोज आली. बाबांनी मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतले एक सर शोधून आणले. ते दर तारखेला आईचं बोलणं सांगायचे. बाबांचे मुके मित्र खाडे करून यायचे, व्हरांड्यात ओळीने उभे राहायचे. मॅडमची बदली झाली, नवीन साहेब आले. बाळ परत द्यायचं ठरलं. दोन वर्षं उलटून गेलेली.

बाळ आता चालत होतं, बोलत होतं. तिथल्या बायांनी ठेवलेल्या नावालाच ओ द्यायचं. आईने हात पसरले तर माझ्या मागे लपलं. पाणी हवं की मोठ्याने ओरडायचं, "बाई, पाणी!" आई वळायची नाही. मग आणखी ओरडायचं. मग भिंतीकडे तोंड करून रडायचं. आईला पाठ दिसायची, रडणं दिसायचं नाही. रात्री तिने छातीवर हात ठेवला की ढकलून द्यायचं. ती ढकललेला हात घेऊन बसून राहायची. पुढे तो खुणा शिकला, पण घाईघाईने, कामापुरत्या. भाऊ मिळाला ना परत, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर एक मूल नेलं आणि दुसरंच आणून दिलं.

त्याला शाळेत घालायला आम्ही गेलो तेव्हा हेडमास्तर आईकडे बघून मला म्हणाले, "घरात बोलणारं कोणी नाही का? त्यांना घेऊन ये."

"ही त्याची आई आहे," मी म्हटलं. "तिच्याकडे बघून बोला. मग मी सांगते."

ते बघेनात. आम्ही हललो नाही. मागे पालकांची रांग थांबली, लोक कुरकुरायला लागले. शेवटी त्यांनी आईकडे बघितलं आणि विचारलं, "मुलाचं नाव काय?"

तेव्हा मी आईला सांगितलं.

आजही बँकेत, दवाखान्यात, कुठेही, कोणी आईबद्दल माझ्याशी बोलायला लागलं की मी गप्प बसते. काम अडलं तर अडू दे. तिच्या तोंडावर बोलायची ज्याची हिंमत नाही, त्याचा एक शब्दही मी तिच्यापर्यंत नेणार नाही.